माझ्या सुनेच्या सात जणी

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज परत आल्या. सातही जणी. बेल एकदा वाजते आणि दार उघडायच्या आत त्या आत असतात, कारण सून त्यांच्यासाठी कडी काढूनच ठेवते. आपल्या घरात आपणच पाहुणे, अशी माझी गत झाली आहे.

नोकरीत असताना रोज संध्याकाळी अहवाल लिहायचे. बसमध्ये तिकिटं तपासण्यात माझी उमर गेली. निवृत्त झाल्यावर लिहायला काही उरलं नव्हतं. आता आहे.

माझा मुलगा गेल्या महिन्यात गेला. मैदानावर. हृदय बंद पडलं. चौतीस वर्षांचा होता. दिवसा गोदामात क्रेन चालवायचा आणि संध्याकाळी या बायकांना रस्सीखेच शिकवायचा. संघ आठ जणींचा. त्यातली आठवी, सगळ्यांत मागे दोर अंगाभोवती घेऊन पाय रोवणारी, म्हणजे माझी सून. त्या दोराच्या नादातच त्यांचं जुळलं होतं. मुलगा गेल्यावर मी चार दिवस इस्पितळात होते, रक्तदाब चढला म्हणून. घरी आले तर स्वयंपाकघरात या.

कप्तान म्हणजे लाँड्रीवाली. हात ओले असोत की कोरडे, कमरेवरच असतात. आज माझा फ्रिज उघडून म्हणते, "काकू, हे दूध कधीचं?"

"कालचं."

"परवाचं आहे," म्हणाली आणि मोरीत ओतून मोकळी झाली. परवाचंच होतं, पण ते तिने कशाला सांगायचं?

दुसरी नर्स आहे. ती माझा दंड पट्ट्यात आवळून आकडा बघते आणि तोंडावर काही दिसू देत नाही. तिसरी वेल्डर. वयाने सगळ्यांत लहान. ती घरात येतच नाही. जिन्याच्या पायरीवर बसते. मी कचरा टाकायला बाहेर पडले तर अशी उठून उभी राहिली, जणू मी तिला पकडलंच. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. बिनतिकिटाचा माणूस असाच उठतो. बाकीच्या चौघी भांडी घासतात, फरशी पुसतात आणि एकमेकींशी डोळ्यांनी बोलतात.

धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "ताई, फुकटात कुणी कुणाचं भांडं घासत नाही. डोळे उघडे ठेव."

ठेवलेत.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

फरशी पुसायला म्हणून सुनेने बादली उचलली, तर कप्तानने ती तिच्या हातातून ओढूनच घेतली. "तू नको."

"का नको?" मी विचारलं.

एक खिडकीबाहेर बघायला लागली, एक ओट्याकडे. नर्स म्हणाली, "पाठीत लचक भरलीय तिच्या, काकू."

चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून काचा घासताना ही लचक कुठे जाते? मी काही बोलले नाही. संशयिताला आधी बोलू द्यावं.

शनिवार, २ मार्च

सुनेच्या पर्समध्ये गोळ्यांची बाटली. पर्स मी उघडली नाही, ती उघडीच होती. विचारलं तर म्हणाली, "ताकदीच्या आहेत. नर्सने दिल्यात." मग मला का दिल्या नाहीत? ताकद तर माझी गेलीय.

आणखी एक. मी तव्यावर अंडं फोडलं की ही उठून गॅलरीत जाते. तेलाचा वास सहन होत नाही म्हणे. सहा वर्षं या घरात अंडी खाल्ली, तेव्हा वास नव्हता. आता माझ्या हातचं नको झालंय. कप्तान डब्यातून सूप आणते, ते मात्र वाटी पुसून पिते.

शनिवार, ९ मार्च

आज बूट तपासले.

सून रोज संध्याकाळी सरावाला जाते. निदान सांगते तसं. त्या मैदानाची माती मला ठाऊक आहे. दोघांचे बूट गॅलरीत वाळत पडायचे आणि चिखलाची ढेकळं सुटून फरशीभर व्हायची. मी ओरडायचे. मुलगा म्हणायचा, "आई, ही आमची कमाई आहे, झाडू नकोस."

आज सून आंघोळीला गेल्यावर बूट उलटे करून पाहिले. तळाला चिखल नाही. रेघांत नाही, टाचेच्या खाचेत नाही. दोर ओढणारी बाई टाच मातीत खुपसून उभी राहते. ही दोर ओढत नाही.

तिचे हातही पाहिले. भाजी निवडत होती. दोराने तळहाताला पडलेले घट्टे सोलून निघतायत. खालची कातडी गुलाबी, नवी.

मग रोज संध्याकाळी जाते कुठे?

रविवार, १० मार्च

बहिणीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. गप्प राहणं हा तिचा स्वभाव नाही. मग म्हणाली, "ताई, तरुण पोर आहे. जगरहाटी आहे. पण तुला अंधारात ठेवून नको."

मी म्हटलं, "तसली नाही ती."

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली.

म्हणाली नाही खरी. पण शब्द पेरून गेली.

शनिवार, १६ मार्च

सून आता बसने येत नाही. लाँड्रीची व्हॅन तिला दारापर्यंत सोडते. चालवणारा कप्तानचा दीर आहे. उंच, केस मागे वळवलेले, बोलणं कमी. आज गॅलरीतून पाहिलं. त्याने आधी उतरून तिच्यासाठी दार उघडलं आणि ती उतरेपर्यंत हात पुढे धरून उभा राहिला, जणू काचेचं सामान उतरवतोय.

वर आल्यावर विचारलं, "बसचा पास संपला का?"

"नाही, आई. बसमध्ये फार धक्के बसतात हल्ली."

रस्ते तेच, बसही तीच. तपासनिसाच्या सुनेला बसचे धक्के सोसवेनात. हे ऐकायला माझे साहेब हवे होते.

अंगावर नवा ट्रॅकसूट होता, दोन मापं मोठा. "कप्तानने दिला," म्हणाली. दुसऱ्याच्या सुपावर अंग धरतेय आणि मी इकडे सुकतेय.

रविवार, २४ मार्च

आज जे ऐकलं ते लिहावं की नाही, यात सकाळ गेली.

सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि गुणगुणत होती. गाणं नव्हतं, नुसता सूर. एक हात दांडीवर आणि दुसरा स्वतःच्या पोटावर ठेवून, उन्हात डोळे मिटून. मी दारात उभी आहे हे तिला कळलं नाही.

नवरा जाऊन दोन महिने नाही झाले. त्याचा टॉवेल मी अजून धुतलेला नाही.

जेवताना मी तिच्याशी बोलले नाही. तिने दोनदा विचारलं, "आई, काही झालं का?" मी ताट उचलून आत गेले.

मंगळवार, २ एप्रिल

पोटात ठेवून ठेवून मलाच जड झालं. आज बोलले.

ती दुकानातून येऊन पाय वर घेऊन बसली होती. मी समोर खुर्ची घेतली. म्हटलं, "तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पण चोरून जाऊ नकोस. माझ्या मुलाच्या घरातून जाणारं माणूस दारातून गेलं पाहिजे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले. "कुठे जाणार मी, आई?"

"ते तुला ठाऊक. तुझ्या सात जणींना ठाऊक. त्या व्हॅनवाल्याला ठाऊक. मी दूधखुळी नाही."

व्हॅनवाला म्हटल्यावर तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. माझा हात धरायला वाकली, मी तो मांडीवरून काढून घेतला.

"महिनाअखेरपर्यंत थांबा," ती म्हणाली. "तेव्हा मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. आत्ता विचारू नका. एवढं ऐका माझं."

म्हणजे तारीख ठरलीय.

ती झोपल्यावर नाही, तिच्या देखत त्यांच्या कपाटातून मुलाचं कोट-जॅकेट काढून माझ्या खोलीत आणलं. तिने अडवलं नाही. उलट खालच्या कप्प्यातला त्याचा मफलर आठवणीने काढून माझ्या हातात दिला. हेही मला खटकलं. एवढ्या सहज कोण देतं?

शनिवार, १३ एप्रिल

सकाळी कप्तान आली. एकटीच, हात कमरेवर नाहीत. "काकू, बाहेरगावी सामना आहे. दोन दिवस लागतील. हिला घेऊन जाते."

सून तिच्या मागे उभी होती. ओठ पांढरे. दाराची चौकट धरून. मी म्हटलं, "सामना? अशी?"

"झोप नाही झाली," सून म्हणाली. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तसं हसू मी कुठल्या बसमध्ये पाहिलेलं नाही.

त्या गेल्या. मी खोलीत जाऊन पलंगाखाली पाहिलं. सामन्याची बॅग तिथेच. बूटही तिथेच. ती सपाता घालून गेलीय.

बहिणीला फोन केला. म्हणाली, "जा मागे. आज नाही तर कधीच नाही."

सरळ लाँड्रीत गेले. तिथे कप्तानचा दीर एकटाच इस्त्री करत होता. मला बघून इस्त्री हातातच राहिली.

"माझी सून कुठे आहे?"

"सामन्याला," तो म्हणाला. इस्त्रीकडे बघून.

"शर्ट जळतोय."

त्याने इस्त्री उचलली. शर्टावर पिवळा त्रिकोण उमटला होता. तो त्या डागाकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. एवढा धिप्पाड बाप्या. मी चक्रावले. चोर पकडल्यावर रडतो, पण असा नाही.

"काकू, मला सांगायला मनाई आहे."

"मग सांगू नकोस. मला गाडीत घे."

त्याने शटर ओढलं. व्हॅन आली ती इस्पितळाच्या दारात.

रविवार, १४ एप्रिल

काल पुढचं लिहिणं झालं नाही.

दुसऱ्या मजल्यावर लांब बोळ आहे. भिंतीला हिरवा रंग, त्यावर बाळांची चित्रं असलेले कागद डकवलेले. बाकावर आमच्या बायका, सगळ्यांचे सारखे ट्रॅकसूट. सामन्याला निघाल्यासारख्या. नर्स तेवढी नव्हती, ती आत होती. वेल्डर जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, गुडघे छातीशी.

मला पाहून कप्तान उठली. "काकू, बसा."

"मला बसायचं नाही. ती कुठे आहे? काय झालंय तिला?"

कप्तानला प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग दुसरीकडे पाहिलं. दुसरीने तिसरीकडे. शेवटी जमिनीवरून ती वेल्डरच बोलली, मान खाली घालून. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"बाळ गेलं, काकू."

मी विचारलं, "कुणाचं?"

हे मी खरोखर विचारलं. कुणी हसलं नाही. कप्तानने माझे दोन्ही खांदे धरून मला बाकावर बसवलं आणि माझ्या दोन्ही बाजूंना त्या इतक्या चिकटून बसल्या की मला पडायला जागाच उरली नाही.

आत गेले तेव्हा सून भिंतीकडे तोंड करून झोपली होती. नर्स उठून बाहेर गेली. पाठमोऱ्या सुनेला माझी चाहूल कशी कळली कोण जाणे. म्हणाली, "आई, महिनाअखेरीला सांगणार होते."

"हो."

"ते गेले त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं. नंतर कळलं. त्यांनाही सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चौथा महिना नीट पार पडू दे, तोवर जपा. तुमची तब्येत तशी. तुम्हाला एकदा देऊन परत काढून घ्यायचं, ते माझ्याने झालं नसतं."

मग तिने तोंड वळवलं. "तरी झालंच."

त्या वेळी काहीतरी शहाण्यासारखं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "काही खाल्लंस का?"

"नाही."

मी खाली उपाहारगृहात जाऊन सूप आणलं. गरम होतं. फुंकर घालून चमचा पुढे केला आणि तिने लहान मुलासारखं तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत आम्ही दोघी त्या चमच्याकडेच बघत होतो.

बुधवार, १७ एप्रिल

घरी आणलं. झोपून आहे.

गोळ्या, बादली, अंड्याचा वास, बसचे धक्के, मोठा ट्रॅकसूट. सगळं माझ्या हातात आलं होतं. मी तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि भलत्याच गाडीचं समजले. त्या गुणगुणण्याबद्दल मी इथे काय लिहिलंय ते परत वाचलेलं नाही.

पण रागही आहे. खोटं कशाला लिहू? सात परक्या बायकांना माझं नातवंड ठाऊक होतं आणि मला नव्हतं. त्यांनी दोन महिने आनंद केला, मला नुसतं शेवटचं पान मिळालं. लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा माझ्याआधी कळलं.

रविवार, २१ एप्रिल

आज कप्तान डबे घेऊन आली तेव्हा मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "तुमचे उपकार झाले. आता पुरे. या घरात मी आहे."

वाटलं, ती चिडेल. ती चिडलीही, पण मला वाटलं तशी नाही. डबे पायरीवर ठेवले आणि म्हणाली, "काकू, तो तुमचा मुलगा होता, मान्य. पण कोच आमचा होता. आम्हालाही कुठेतरी जायला नको का? तुमच्याकडे आलो की निदान भांडी तरी असतात घासायला."

मी पायरीवरच्या डब्यांकडे बघितलं.

"सराव, सराव म्हणतो, पण त्या दिवसापासून दोराला एकीनेही हात लावलेला नाही. मैदानावर जातो आणि शेडमध्ये बाकावर बसतो. काळोख पडायला लागला की उठतो. हिचं कळलं तेव्हा पहिल्यांदा हसलो सगळ्या. मैदानाच्या गेटला कुलूप होतं, काकू. रुग्णवाहिका आत येईना. आम्ही त्याला ताडपत्रीवर घालून रस्त्यापर्यंत उचलून नेलंय. ते हात दोर धरत नाहीत आता."

म्हणजे बुटांना चिखल का नव्हता, ते कळलं. पण माझी सवय जात नाही. माझं डोकं तिच्या वाक्यावर अडकलं होतं.

"तुम्ही मला म्हणालात, क्षणात गेला. त्याला काही कळलंच नाही, म्हणालात."

तिने पायरीवरचा डबा उगाच सरळ केला.

"क्षणात गेला, तर धावतपळत उचलून कुणाला नेलंत?"

कप्तान जिन्याच्या खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर नुसती समोरची भिंत आहे. मी तिचे डबे उचलून आत घेतले, कारण सूप गार होत होतं. पण उत्तर मिळालेलं नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सुनेला विचारलं. त्या दिवशी ती दुकानात अडकली होती, थेट इस्पितळात पोचली. तरी तिला माहीत आहे, हे तिने मान खाली घातली त्यावरून दिसलं. म्हणाली, "ते सांगणं माझं नाही, आई. वेल्डरचं आहे. आणि ते तुम्हाला हवंय का, हे तुम्ही ठरवा. एकदा ऐकलं की परत देता येणार नाही."

रविवार, २८ एप्रिल

एक आठवडा ठरवण्यात गेला. वाटेल ते मनात आलं. तिच्या हातून काही चूक झाली असेल. तो वेदनेने ओरडला असेल. तो माझ्याबद्दल काही वाईट बोलला असेल. त्या पोरीने पायरीवर बसून माझ्यापासून काय लपवलं असेल, याचे सतरा तर्क केले.

आज सून म्हणाली, थोडं चालायचंय. मी म्हटलं, मैदानावर जाऊ. बसने गेलो. मी तिला धक्क्यांपासून दूर मधल्या सीटवर बसवलं. आता तसं बसवायचं कारण उरलेलं नाही, हे बसल्यावर आठवलं. दोघींनाही.

मैदान मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. मुलगा दर रविवारी बोलवायचा. लाल माती, एका कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये बाक. बाकावर सहा जणी. सातवी, वेल्डर, लांब गोलपोस्टशी. आम्हाला पाहून उठली आणि गेटकडे निघाली. मी हाक मारली, "थांब गं." तपासणीतला आवाज होता. ती थांबली.

जवळ गेले. बोटांवर भाजल्याचे बारीक डाग, नखं काळी. वय असेल बावीस-तेवीस. म्हटलं, "मला खरं सांग. वाईट असलं तरी."

ती बराच वेळ तळव्याने दुसरा तळवा घासत राहिली. मग सांगू लागली. तो कोसळला तेव्हा ती सगळ्यांत जवळ होती. नर्स छाती दाबत होती. मध्ये त्याने डोळे उघडले. ताडपत्री उचलली तेव्हा वेल्डर त्याच्या डोक्याकडच्या कोपऱ्याला होती. त्याने तिचा हात धरला.

"नीट दिसत नव्हतं त्यांना, काकू. घाबरले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, 'आई, आलीस का?'"

मी तिच्या हातांकडे पाहिलं.

"दोनदा म्हणाले. कुणालाच काय बोलावं सुचेना. मी म्हणाले, 'हो, आले.'" तिचा आवाज तिथे फाटला. "मग त्यांनी हात घट्ट धरला. गेटच्या बाहेर नेईपर्यंत धरला होता. मग सुटला. ते तुमचं होतं, काकू, आणि मी घेतलं. तेव्हापासून तुमच्या तोंडाकडे बघवत नाही."

हे खोटं नाही, हे मला तपासावं लागलं नाही. मुलगा लहान असताना शाळेतून येऊन एकटा घरात असायचा. माझी कामाची पाळी संपायला उशीर व्हायचा. कुलपात किल्ली फिरली की आतून विचारायचा, "आई, आलीस का?" मी चपला काढत म्हणायचे, "आले." मग तो परत अभ्यासाला लागायचा. एवढंच पाहिजे असायचं त्याला. हे कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. सुनेलाही नाही.

मी त्या पोरीचा हात धरला. त्याने धरला तो हाच का, विचारलं. तिने दुसरा पुढे केला. मग मी तो धरला.

"बरं केलंस," मी म्हटलं. "तू हो म्हणाली नसतीस तर तो वाट बघत राहिला असता."

त्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून इतकी रडली की माझा सगळा खांदा भिजला. मी सुद्धा रडले असेन. सून आली, मग बाकीच्या आल्या. कोण कुणाला सावरत होतं ते सांगता येणार नाही. नर्स मध्येच माझी नाडी बघत होती.

नंतर कप्तानने शेडच्या आढ्याला टांगलेला दोर खाली ओढला. कुणी तिला सांगितलं नव्हतं. एक टोक गोलपोस्टला बांधलं आणि सात जणी ओळीत उभ्या राहिल्या. तालाची हाक द्यायला कुणी नव्हतं. कप्तानने एक दिली, ती अर्धीच. मग तशाच, आपापल्या मनाशी मोजत ओढायला लागल्या. कुणी आधी, कुणी नंतर. सुनेला नर्सने अजून सहा आठवडे दोराला शिवायची मनाई केलीय. ती माझ्याजवळ बाकावर बसून बघत होती.

थोड्या वेळाने म्हणाली, "आई, फारच वाईट ओढतायत."

"मलासुद्धा दिसतंय," मी म्हटलं.

घरी येऊन चहा टाकला तर बहिणीचा फोन. "काय गं, लागला का छडा? काय चाललंय त्यांचं?"

"काही नाही. सराव करतात."

मला तिचं डोकं चालताना ऐकू येत होतं. मग म्हणाली, "ताई, तू माझ्यापासून काहीतरी लपवतेयस."

"हो," मी म्हटलं, आणि सुनेची ख्यालीखुशाली तिलाच विचार म्हणून फोन सुनेकडे दिला.